अवंदा रोडगे मिस्टरांच्या हातचे

पत्र :

काकू, आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मेमध्ये पुण्याहून नणंद पंधरा दिवसांसाठी येतेय, तिची दोन मुलं आहेत, १३ आणि ९ वर्षांची. माझी दोन, १० आणि ७. मागच्या उन्हाळ्यात चारही पोरं दिवसभर पंख्याखाली मोबाइल घेऊन पडून होती आणि जाताना नणंद म्हणाली, "इथं करण्यासारखं काही नाहीच गं." ते मनाला लागलं. चिखलदऱ्याला न्यायचं तर गाडी आणि हॉटेल परवडत नाही. मिस्टर म्हणतात, वावरात मस्त पार्टी करू. पण पार्टी म्हणजे मी पहाटे चारला उठून चाळीस पोळ्या लाटायच्या आणि डबे भरायचे. सासरे ७६ वर्षांचे आहेत, त्यांना ऊन सोसत नाही. सासूबाई आता नाहीत. खरं सांगू का, सुटी येतेय असं मला वाटतच नाही, पाहुणे येताहेत असं वाटतं. काय करू?

उत्तर :

तू मला काकू म्हणालीस, म्हणून मी तुला अगंतुगं करते. राग मानू नको.

तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाकी पत्र ऊन आणि पैसा यांबद्दल आहे, आणि त्या दोन्हींवर उपाय आहेत. पण खरं दुखणं त्या वाक्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तुझ्या मिस्टरांची पार्टीची कल्पना वाईट नाही. फक्त पार्टी त्यांची आणि पोळ्या तुझ्या, हे गणित मोडायला हवं. ते मोडायला आपल्याकडे एक जुनं जेवण आहे, ज्यात पोळपाट लागतो पण बाई लागत नाही. रोडगे.

आमच्या भागात मारुतीला रोडग्यांचा नवस फेडायचा असला की अजूनही माणसंच कणीक मळतात आणि माणसंच भाजतात. बायका पंगतीला बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला याचंच नवल वाटलं होतं. घरात पाण्याचा गिलास हातानं न घेणारे माझे चुलत सासरे तिथं धोतर खोचून, तोंडावर दुपट्टा बांधून निखाऱ्यांत हात घालत होते. तेव्हा मिस्टरांना सांगताना भांडणाच्या सुरात सांगू नकोस. म्हण, "तुम्ही पार्टी म्हणालात ना, मग रोडगे करा. वांगी मी चिरून देईन, पुढचं तुमचं." आणि हे सासऱ्यांसमोर म्हण. त्यांना रोडगे भाजता येत असणार, त्या वयाच्या माणसाला येतातच. आपल्याला कोणी काही विचारत नाही असं वाटणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला खाटेवर बसवून "बाबा, निखारा झाला का बघा" एवढं म्हटलं की त्याची संध्याकाळ भरून जाते.

आता कृती. ती तुझ्यासाठी नाही, हा कागद मिस्टरांच्या हातात दे.

दहा माणसांना अडीच किलो गहू पुरतात. दळण जाडसर, रवाळ हवं. गिरणीवाल्याला "रोडग्याचं" म्हटलं की त्याला कळतं. त्यात मीठ, हातावर चोळलेला ओवा, पाव किलो तेलाचं मोहन. कणीक घट्ट मळायची, इतकी घट्ट की मळणाऱ्यानं दोनदा तरी शिवी घातली पाहिजे. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवायची. मग लहान लहान चार-पाच पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवायच्या, सगळ्यात शेवटी एक मोठी पुरी घेऊन तिच्यात ती चवड गुंडाळायची आणि तोंड दाबून बंद करायचं. हा झाला रोडगा. पोरांना पुऱ्या लाटायला बसव. वाकड्या लाटल्या तरी आतच जाणार आहेत.

खरी कसोटी विस्तवाची. चाळीसेक गोवऱ्या लागतील. पेटवायला तुराट्या उत्तम, झटकन धरतात. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, भरपूर असल्या तरी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, त्यांचा नुसता भडका होतो आणि निखारा काही पडत नाही. गोवऱ्या रचून पेटवल्या की नवशिक्या माणसाला थांबवत नाही, तो ज्वाळेवरच रोडगे ठेवतो. मग वरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक. ज्वाळ पूर्ण बसू द्यायची, धूर थांबू द्यायचा, गोवरीवर पांढरी राख चढू द्यायची. मग निखारे पसरून त्यांवर रोडगे मांडायचे. एका बाजूनं तांबूस झाले की चिमट्यानं उलटवायचे. सगळीकडून टणक झाले की त्याच राखेत पुरून टाकायचे आणि अर्धा-पाऊण तास विसरून जायचं. विसरता येत नाही, वास येत राहतो.

बाहेर काढल्यावर राख झाडायची गंमत पोरांना दे. स्वच्छ धुतलेलं गोणपाट घ्यायचं, त्यात गरम रोडगे टाकायचे, दोघांनी टोकं धरून झोळीसारखं हलवायचं. रोडगे एकमेकांवर आपटतात आणि राख खाली गळून जाते. मग फडक्यानं पुसून, दोन्ही हातांनी दाबून फोडायचे. आतले पदर सुटे होतात आणि वाफ येते. त्या फटीत तूप. बरोबर घरच्या तुरीचं साधं वरण आणि काटेरी वांग्यांची भाजी. भाजीत खसखस, खोबरं, धने भाजून वाटलेले. तिखट मात्र आपल्या हातानं घालू नका, पुण्याची पोरं आहेत. मोठ्यांसाठी ठेचा वेगळा ठेवा.

रोडगे जड वाटले तर दुसऱ्या दिवशी पानगे करा. ते सोपे आहेत. पळस मार्चमध्ये फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं, आणि मेपर्यंत मोठाली, चामड्यासारखी पानं येतात. तुमच्या धुऱ्यावर असतीलच. दोन पानांच्या मध्ये थापलेली कणीक ठेवायची आणि निखाऱ्यावर टाकायची. पान जळून काळं पडतं आणि कणकेवर पानाच्या शिरा उमटतात. तुझ्या नणंदेनं लहानपणी हे खाल्लंय, मी पैजेवर सांगते. तिला पानं तोडायला पाठव.

हे सगळं संध्याकाळी, बरं का. पाचनंतर वावरात जा, अंधार पडता पडता जेवा.

आता एक माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मी कोणाला झाडाखाली चूल मांडू देत नाही. लग्नानंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा. आमच्या वावरात विहिरीजवळ मोठा आंबा होता, सावली दाट, खाली जागा साफ. तिथंच गोवऱ्या पेटवल्या. वर कोणी बघितलंच नाही. धूर सरळ वर गेला आणि शेंड्याजवळच्या फांदीला लटकलेलं आग्या मोहोळ उठलं. आधी नुसता आवाज आला, गिरणीचा पट्टा फिरतो तसा. मग माणसं सैरावैरा. माझे दीर विहिरीच्या पायऱ्यांवर धावले, सासूबाईंनी मला आणि जावेच्या तान्ह्याला सतरंजीखाली घेतलं आणि स्वतः वर पडल्या. सगळ्यात वाईट हाल बैलांचे झाले, ते बंडीला बांधलेले होते. कोणीतरी विळ्यानं कासरा कापला तेव्हा ते सुटले. दिराला चौदा काटे निघाले, तीन दिवस डोळे उघडले नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. आधी झाडाभोवती एक चक्कर, मान वर करून, प्रत्येक फांदी बघून. मोहोळ दिसलं की दुसरं झाड. आणि चूल झाडाच्या बुंध्याशी मांडायचीच नाही, सावलीच्या कडेला, वारा झाडाकडून चुलीकडे येईल अशी.

आगीबद्दल दोनच गोष्टी. कुटाराचा ढीग आणि कडब्याची गंजी जवळ असेल तिथं नको, मेमध्ये एक ठिणगी पुरते. आणि पाण्याचे दोन पिपे भरून ठेवा, निघताना राखेवर ओता, काठीनं उकरून पुन्हा ओता. तुमच्या भागातून बोरचं जंगल लांब नाही, म्हणून सांगते. जंगलात चूल मांडायचा विचारसुद्धा नको. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, आणि राखीव जंगलात विस्तव करणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. मोहफुलं वेचायला पालापाचोळा पेटवण्यापायी किती जंगल जातं हे आपण बघतोच.

आणि संध्याकाळी ढग दाटून आले, गडगडाट सुरू झाला, तर रोडगे राखेत तसेच सोडून घरी या. अवकाळीत वीज झाडावर पडायचा धोका मोठा. रोडगे कुठं जात नाहीत.

आता सहलीचं.

चिखलदऱ्याचं दुःख करू नको. मला चिखलदरा आवडतो, हजार मीटरच्या वरचं गाव आहे, कॉफीची झाडं आहेत, गाविलगड आहे. पण मेमध्ये तिथले धबधबे कोरडे असतात. मोबाइलवर जे हिरवे फोटो दिसतात ते जुलै-ऑगस्टचे. मेमध्ये गर्दी आणि गाडीतली उलटी एवढंच मिळतं. पैसे जमले तर पोळ्याच्या आसपास जा.

त्याऐवजी एसटीनं जा. हिशेब करून बघ, मी केला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तू आणि नणंद अर्ध्यात. पाच ते बारा वर्षांची मुलं अर्ध्यात, ती तीन. सासरे पंचाहत्तरीच्या वर, त्यांचं तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड बरोबर ठेवा. आठ जणांत पूर्ण तिकीट फक्त मिस्टरांचं आणि तेरा वर्षांच्या भाच्याचं. भाच्याला हे आवर्जून सांग, पूर्ण तिकीट लागायला लागलं की पोट्टी अंगानं मोठी होतात.

पहिली फेरी सेवाग्रामची. सकाळच्या पहिल्या गाडीनं वर्धा, तिथून सेवाग्राम जवळच आहे. तू म्हणशील, पोरांना आश्रम दाखवून काय होणार? "बापू १९३६ मध्ये इथं आले" हे सांगून काही होत नाही, ते शाळेत सांगतात. त्यांना दोन वस्तू दाखव. एक, साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पेटी. आश्रमात साप मारत नसत, पकडून लांब सोडत. दुसरी, टेलिफोनची खोली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलायचं असे म्हणून त्या खेड्यात फोन बसवला होता. एक फोन, एका खोलीत, भिंतीला. मोबाइलवाल्या पोरांना तिथं उभं कर आणि काही बोलू नको, तीच विचारतील. मग बापूकुटीत जमिनीवर बसा. माती, बांबू आणि कौलांची झोपडी, पंखा नाही, तरी बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर अंगावर शहारा येतो. तुमच्या घराचा जुना मातीचा भाग पाडायचा विचार चालू असेल तर मिस्टरांनाही जरा तिथंच जास्त वेळ बसव.

जमलं तर परतीच्या आधी पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. १९५९ मध्ये त्यांनी तिथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांनी चालवायचं. स्वयंपाक, शेती, गोठा, प्रार्थना, सगळं त्याच करतात आणि वेळेवर थांबतातही. तुला ते बघायला आवडेल. पण ऊन चढलं असेल तर पवनार सोडून द्या आणि सरळ घरी या. एका दिवसात दोन ठिकाणं झालीच पाहिजेत असं काही नाही.

दुसरी फेरी कौंडण्यपूरची, ते तर तुमच्या शेजारीच, वर्धा नदीपलीकडे. रुक्मिणीचं माहेर. तिनं कृष्णाला पत्र पाठवलं आणि तो तिला अंबिकेच्या देवळातून घेऊन गेला, ती जागा पोरांना दाखव. (आपल्या भागातल्या बाईनं पत्र लिहून आपला प्रश्न सोडवला याला मोठी परंपरा आहे, असं मी माझ्या सदराबद्दल बोलताना नेहमी सांगते.) कौंडण्यपूरहून गाडी मिळाली तर गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे. सासऱ्यांना तिथं नेलंत तर ते दोन दिवस खंजिरीवरची भजनं म्हणत राहतील.

नदीत उतरायचं नाही, हे मात्र अगदी पक्कं. मेमध्ये वर्धा नदी घोट्याएवढी दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली तसेच असतात. पहिलं पाऊल घोट्याएवढं, दुसरं डोक्याएवढं. दर उन्हाळ्यात अशी बातमी येते, आणि बहुतेक वेळा ती पाहुण्या पोरांची असते.

शिदोरीत भात, बटाट्याची भाजी, दही नको, दहापर्यंत विटतं. दशम्या घे, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, कांदा, गूळ-फुटाणे. पाणी घरून न्या आणि पाच लिटरच्या कॅनला ओलं पोतं गुंडाळा. पूर्वी बंडीला छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, टांगायचे, तेच तत्त्व. कैरीचं पन्हं आदल्या रात्री करून ठेवायला नणंदेला सांग. तिला येतं.

आणि वेळ. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जाणं ही बातमी राहिलेली नाही, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की तर विचारूच नको. तेव्हा सहल सूर्योदयाआधी सुरू आणि अकराच्या आत सावलीत. अकरा ते पाच बाहेर नाही. सासऱ्यांना एसटीत खिडकीजवळ बसवू नको, गरम वारा सरळ अंगावर येतो. त्यांना येऊ वाटलं तर न्या, नको वाटलं तर ओढू नका, त्यांच्या वाट्याला रोडगे आहेतच. कोणी बरळायला लागलं, अंग तापलं आणि घाम थांबला, तर ते साधं ऊन लागणं राहिलेलं नाही. सावलीत आडवं करून कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मोबाइलचं तू लिहिलंस, त्यावर माझं मत तुला कदाचित पटणार नाही. दुपारी पोरं पंख्याखाली पडली तर पडू दे. आपल्या भागात मेच्या दुपारी शहाणा माणूस पडूनच राहतो. बैलसुद्धा पडतात. तुमची सकाळ आणि रात्र भरलेली असली की दुपारच्या मोबाइलचं एवढं वाटत नाही. रात्री अंगणात किंवा गच्चीवर बाजा टाका. नऊच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि नीट बघितलं तर त्याला चिकटून बारीकशी अरुंधती दिसते. कोणाला आधी दिसते यावर चार पोरांची अर्धी रात्र जाते. शेपटीची कमान तशीच पुढे ओढली की डोक्यावर लालसर स्वाती. पुण्यात हे दिसत नाही, दिव्यांमुळे. हे "करण्यासारखं काही नाही"च्या यादीत घालायला हरकत नाही.

नणंदेच्या त्या वाक्याचं आता सांगते. मला वाटतं तू ते जरा जास्त मनाला लावून घेतलंस. वर्षभर नोकरी, शाळा, ट्रॅफिक करून बाई माहेरी येते, पहिले चार दिवस झोपते आणि पाचव्या दिवशी तिला कंटाळा येतो. तो तुझ्यावरचा शेरा नाही. शिवाय आता तिला आई नाही. माहेर म्हणजे आता तूच आहेस, हे तिला कळतं पण वळत नाही, आणि तुलाही त्याचं ओझं होतं. म्हणून तिला पाहुणी करू नको. पापड-कुरड्यांचं वाळवण तिच्या येण्यापर्यंत थांबव, गव्हाचा चीक शिजवायला तिला बसव. गरम चीक तूप-साखर घालून खाताना तिची पोरं तिला भलतेच प्रश्न विचारतील आणि ती उत्तरं देत बसेल.

आणि माझं खरं सांगणं हे. त्या पंधरा दिवसांतले तीन दिवस तू तुझ्या माहेरी जा. नणंद असताना जा. घरात तिचे वडील, तिचा भाऊ, तिचं स्वयंपाकघर, तिला काही परकं नाही. हे आधीच फोनवर सांग, ती यायच्या आधी, हसत सांग: "ताई, तुम्ही आलात की मी तीन दिवस आईकडे जाऊन येते, बाबांना तुमच्या हातचं खायचंय." ती नाही म्हणणार नाही. म्हणाली तर मला पुन्हा लिही, मग आपण दुसरं काही बघू. मिस्टर म्हणतील, पाहुणे घरात असताना असं बरं दिसतं का. त्यांना विचार, कोणाला बरं दिसत नाही? नावं घ्या.

रोडग्यांच्या दिवशी तू वावरात खाटेवर बस, सासऱ्यांच्या शेजारी. पहिल्या खेपेचे करपतील, धरून चाल. तेव्हा उठू नको. "सरका, मी करते" हे तुझ्या ओठांवर येईल, कारण वांगी चुलीला लागताना दिसतील आणि तूप कमी पडताना दिसेल. येऊ दे. दुसरी खेप बरी निघते. चार-पाच रोडगे उरतीलच, ते सकाळी कुस्करून गूळ-तूप घातलं की पोरांचा नाश्ता होतो. कुस्करायला तेरा वर्षांचा भाचा आहे, पूर्ण तिकिटाचा.

— तुझी काकू